काचेवर उतरलेला देश
(सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की : जीवन आणि कार्य)

— द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास

छायाचित्र ही वस्तू आज इतकी स्वस्त झाली आहे, की तिच्यासाठी कुणी आपले आयुष्य वेचले असेल हा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. जत्रा असो, वारी असो, पावसाळ्यातला घाट असो. खिशातला फोन निघतो, बोट टेकते आणि चित्र तयार होते. ‘आपला प्रदेश, आपली परंपरा’ अशा नावाच्या छायाचित्र-स्पर्धा गावोगाव भरतात. त्यांत फेटे असतात, नऊवारी असते, लेझीम असते, किल्ल्यावरचा सूर्यास्त असतो. हे सारे पाहताना मन प्रसन्न होते यात शंका नाही. पण एका संपूर्ण देशाचे रंग, त्यातील माणसे, त्यांची घरे, कामे आणि देवळे एकट्याने टिपून ठेवायची, आणि तीही अशा काळात की जेव्हा रंगीत छायाचित्र हीच एक नवलाई होती, असे वेड घेतलेला एक माणूस शतकापूर्वी होऊन गेला. त्या माणसाची ओळख माझ्या सहाध्यायांना व गुरुजनांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यांचे नाव सेर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की. नाव उच्चारायला अवघड आहे खरे. पण एकदा जिभेवर बसले की विसरत नाही.

इतिहासाच्या तासाला रशियन राज्यक्रांती शिकताना झारचा रशिया माझ्या डोळ्यांसमोर नेहमी करड्या रंगात उभा राहत असे. पाठ्यपुस्तकातली सगळी चित्रे काळी-पांढरी, म्हणून तो काळही जणू काळा-पांढराच होता, अशी माझी भाबडी समजूत. मग एके दिवशी आमच्या प्राध्यापकांनी वर्गाच्या भिंतीवर एक चित्र दाखविले. लाकडी घरासमोर तीन शेतकरी मुली उभ्या आहेत. अंगात रंगीबेरंगी झगे, डोक्याला रुमाल आणि हातांत रानफळांनी भरलेल्या बशा. फळे पाहुण्यापुढे धरून त्या थेट आपल्याकडे पाहत आहेत. सरांनी साल सांगितले : १९०९. वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. त्या मुलींना अजून महायुद्ध माहीत नव्हते, क्रांती माहीत नव्हती. त्या माझ्याच वयाच्या, फार तर थोड्या लहान असाव्यात. त्या दिवसापासून मी या छायाचित्रकाराच्या मागे लागले आणि जे हाती आले ते पुढे मांडते आहे.

प्रोकुदिन-गोर्स्की यांचा जन्म १८६३ च्या ऑगस्टमध्ये व्लादिमिर प्रांतातील फुनिकोवा गोरा या गावी झाला. घराणे जुने, सरदारी, लष्करी परंपरेचे. त्यांच्या जन्माआधी दोनच वर्षे, १८६१ मध्ये, रशियातील भूदास कायद्याने मुक्त झाले होते. म्हणजे जुना रशिया मोडत होता आणि नवा अजून घडायचा होता, अशा सांध्यावर हे मूल जन्माला आले. पुढे ते राजधानी सेंट पीटर्सबर्गला आले. तेथे त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. संगीत आणि चित्रकला यांचीही त्यांना गोडी लागली. विज्ञान आणि कला यांची सोयरीक सहसा जमत नाही म्हणतात. आपल्याकडेही दहावीनंतर शाखा निवडताना जणू दोन वेगळ्या जातीच असाव्यात अशी त्यांची वाटणी होते. या माणसाच्या ठायी मात्र ती दोन्ही सुखाने नांदली आणि त्यातूनच त्यांचे जीवितकार्य उभे राहिले.

१८९० मध्ये त्यांचा विवाह आन्ना लाव्रोवा यांच्याशी झाला. सासरे धातूच्या कारखान्याचे मालक होते. जावईबापूंना कारखान्याच्या संचालक मंडळात जागा मिळाली. आयुष्यभर सुखात राहता येईल इतकी सोय झाली होती. पण मन दुसरीकडेच ओढ घेत होते. १८९८ मध्ये ते रशियाच्या शाही तंत्र-संस्थेच्या छायाचित्रण विभागाचे सभासद झाले. १९०१ मध्ये त्यांनी पीटर्सबर्गमध्ये स्वतःचा स्टुडिओ व प्रयोगशाळा उघडली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०२ मध्ये, ते जर्मनीत गेले आणि बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे प्राध्यापक आडोल्फ मिटे यांच्या हाताखाली सहा आठवडे शिकले. वय एकोणचाळीस, संसार, मुले, कारखान्याची जबाबदारी. आणि हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला! आपल्यापैकी ज्यांना एक वर्ष मागे पडले की आयुष्य संपल्यासारखे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मिटे यांच्याकडे ते शिकले ती विद्या कोणती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर पुढच्या कामातले कष्ट लक्षात येणार नाहीत. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रकाशातून इतर सर्व रंग सिद्ध करता येतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ मध्येच हे पडद्यावर दाखविले होते. या तत्त्वावर चालणाऱ्या कॅमेऱ्यात काचेची एक लांबट प्लेट बसवीत. एकाच दृश्याचे तीन फोटो त्या एकाच प्लेटवर एकाखाली एक घ्यायचे : एक निळ्या काचेतून, एक हिरव्या काचेतून आणि एक लाल काचेतून. प्लेटवर उमटते ते काळे-पांढरेच. पण तिन्ही फोटोंत फरक असतो. लाल काचेतून घेतलेल्या फोटोत लाल वस्तू उजळ दिसते, निळी वस्तू गडद. मग ही तिन्ही चित्रे त्याच तीन रंगांच्या काचांमधून पडद्यावर एकावर एक पाडली, की मूळचे रंग जिवंत होतात. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगविलेल्या चित्रांचे खेळ पडद्यावर दाखविले होते. तेथे रंग कुंचल्याचे होते. येथे ते प्रकाशातून आपोआप मिळत होते, एवढाच काय तो भेद. पडद्यासमोर अंधारात बसलेल्या माणसांचे आश्चर्य दोन्हीकडे सारखेच असणार!

अडचण एवढीच, की तीन फोटो तीन वेगवेगळ्या क्षणांचे. तेवढ्या वेळात समोरच्या माणसाने हलायचे नाही, पापणीसुद्धा शक्यतो लववायची नाही. जे हलते ते फसते. नदीचे पाणी, धुराचे लोट, वाऱ्यावर डोलणारी फांदी यांच्या कडांना त्यांच्या चित्रांत लाल, हिरव्या, निळ्या रेषा फुटलेल्या दिसतात. तज्ज्ञ याला दोष म्हणतील. मला मात्र त्या रेषा फार आवडतात. ज्या ज्या ठिकाणी जीवन थांबायला तयार झाले नाही, तेथे तेथे इंद्रधनुष्याचा एक तुकडा मागे राहिला आहे!

मिटे यांच्याकडून परतल्यावर प्रोकुदिन-गोर्स्की यांनी प्लेटेवरील रसायन सर्व रंगांना सारखे संवेदनशील व्हावे यासाठी खूप प्रयोग केले. १९०६ पासून हौशी छायाचित्रकारांसाठी निघणाऱ्या एका रशियन मासिकाचे संपादन त्यांनी काही वर्षे केले. १९०७ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी ते मध्य आशियात तुर्कस्तान प्रांतात गेले. ढग आले आणि ग्रहण हुकले. दुसरा कोणी असता तर दैवाला बोल लावून घरी परतला असता. यांनी कॅमेरा आकाशाकडून जमिनीकडे वळविला आणि समरकंद, बुखारा येथील मशिदी व मदरशांच्या निळ्या-हिरव्या फरशा टिपल्या. चालून आलेले अपयश असे उपयोगी लावणे सर्वांनाच साधत नाही.

१९०८ च्या मे महिन्यात एक मोठी गोष्ट घडली. लिओ टॉल्स्टॉय यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे ते वर्ष. यास्नाया पोल्याना या त्यांच्या गावी जाऊन प्रोकुदिन-गोर्स्की यांनी त्यांचे रंगीत छायाचित्र घेतले. अंगात निळा सदरा, पायांत उंच बूट, पांढरी दाढी आणि झाडीत टाकलेल्या खुर्चीवर बसलेले ते वृद्ध ऋषितुल्य लेखक! हे चित्र छापले गेले, घरोघर गेले आणि छायाचित्रकाराचे नाव राजवाड्यापर्यंत पोहोचले. राजघराण्यातील काही व्यक्तींपुढे त्यांच्या चित्रांचे प्रयोग झाले आणि अखेर १९०९ च्या मे महिन्यात त्सार्स्कोये सेलो येथील राजवाड्यात खुद्द झार दुसरा निकोलस याच्यापुढे पडदा लागला.

त्या रात्री त्यांनी झारपुढे आपली कल्पना मांडली. सबंध रशियन साम्राज्य रंगांत टिपावयाचे. दहा वर्षे आणि दहा हजार चित्रे! कशासाठी? तर शाळेत शिकणाऱ्या मुलांना आपला देश पाहता यावा म्हणून. पीटर्सबर्गच्या मुलाला समरकंद कधी दिसणार? उरलच्या खाणमजुराच्या मुलाला काकेशसचे चहाचे मळे कोण दाखविणार? पडद्यावर देश दाखवावा, म्हणजे मुलांना तो आपला वाटेल, अशी त्यांची श्रद्धा होती. झारला ती कल्पना पटली. प्रवासासाठी खास रेल्वेचा डबा मिळाला आणि त्या डब्यातच प्लेटा धुण्यासाठी अंधारी खोली करून दिली गेली. नद्यांवर फिरण्यासाठी छोटी आगबोट मिळाली, उथळ पाण्यासाठी मोटारबोट मिळाली आणि उरलच्या रस्त्यांसाठी फोर्ड मोटार. शिवाय दोन परवाने : एकाने साम्राज्यातील कोणत्याही निर्बंधित जागी जाता यावे आणि दुसऱ्याने वाटेतल्या अधिकाऱ्यांनी मदत करावी. प्लेटा, रसायने आणि इतर साहित्याचा खर्च मात्र मुख्यतः त्यांचा त्यांनाच सोसावा लागला.

१९०९ ते १९१५ या काळात त्यांनी जो प्रवास केला तो नकाशावर पाहिला तरी दम लागतो. वोल्गा नदीला बाल्टिक समुद्राकडे जोडणारी मारिन्स्की कालव्यांची माळ, उरल पर्वतातील लोखंडाचे कारखाने, वोल्गाकाठची जुनी मठांची गावे, तुर्कस्तानचे गवताळ माळ, काकेशसचे डोंगर, नेपोलियनशी लढाई झाली ते बोरोदिनोचे रण, आणि महायुद्धाच्या काळात उत्तरेकडे मुर्मान्स्कची नवी रेल्वे. दिवसभर प्रकाश असेतो फोटो घ्यायचे आणि रात्री उशिरापर्यंत डब्यात प्लेटा धुवायच्या. कारण चित्र बिघडले असेल तर गाडी पुढे जाण्याआधीच ते पुन्हा घ्यायला हवे. हवा बिघडली तर दिवस वाया. या साऱ्या धावपळीत काचेच्या त्या प्लेटा फुटू द्यायच्या नाहीत, हे निराळेच!

या चित्रांत काय नाही? सोनेरी घुमटांची देवळे आहेत, तशीच कारखान्याच्या भट्ट्यांजवळ उभी मळकट माणसेही आहेत. चाक्वा येथील चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या ग्रीक बायका आहेत आणि त्याच मळ्यावर चीनमधून आलेला मुकादम आहे. समरकंदच्या बाजारात खरबुजे मांडून बसलेला दुकानदार आहे. तेथेच आपल्या गुरुजींभोवती पुस्तक उघडून बसलेली ज्यू मुले आहेत. ओसाड माळावर तंबूसमोर उभे राहिलेले भटके कुटुंब आहे. बुखाऱ्याचा अमीर अलीम खान निळ्याशार जरीच्या अंगरख्यात, कमरेला तलवार लावून बसला आहे आणि त्याच बुखाऱ्याच्या तुरुंगाच्या गजांआडून कैदी बाहेर पाहत आहेत. अमीर आणि कैदी यांच्यासाठी कॅमेरा एकच, तीन काचा त्याच आणि हालचाल न करण्याची अटही तीच. राजा म्हणून अमीराला काही सूट मिळाली नसेल!

या सर्वांत माझ्या मनात घर करून राहिलेली चित्रे दोन आहेत. पहिले पिंखुस कार्लिन्स्की यांचे. मारिन्स्की कालव्यावरील चेर्निगोव्ह येथील पाण्याच्या दाराचे हे रखवालदार. पांढरी दाढी असलेला हा म्हातारा शांतपणे कॅमेऱ्यासमोर उभा आहे. छायाचित्रकाराने त्याचे नाव लिहून ठेवले आहे, वय लिहून ठेवले आहे : ८४ वर्षे, आणि नोकरीचा काळही : ६६ वर्षे. हिशोब केला तर हा माणूस १८४३ च्या सुमारास, अठराव्या वर्षी, कामाला लागला असला पाहिजे. म्हणजे ज्याने त्याचा फोटो काढला त्याच्या जन्माच्या वीस वर्षे आधीपासून तो पाणी सोडीत होता आणि अडवीत होता.

हे चित्र पाहताना मला माझे आजोबा आठवले. तेही पाण्याचेच माणूस. प्रवरेच्या कालव्यावर त्यांनी बत्तीस वर्षे पाटकरी म्हणून काढली. रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारे उघडायला जात. कुणाच्या रानाला कधी पाणी मिळाले हे त्यांना तोंडपाठ असे. आमच्या घरात शिकलेले कोणी नव्हते. मीच पहिली कॉलेजात आले. त्या बत्तीस वर्षांतले त्यांचे कामावरचे एकही छायाचित्र नाही. ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो त्यांच्या मागे मोठा करून घेतला, त्यालाच आम्ही हार घालतो. तो इतका पुसट आहे, की डोळे कुठे पाहत आहेत ते कळत नाही. हजारो मैलांवरच्या एका परक्या कालव्यावरचा म्हातारा मला माझ्या आजोबांपेक्षा स्पष्ट दिसतो, ही गोष्ट मला फार दिवस टोचत राहिली.

दुसरे चित्र उरलमधील झ्लातोउस्त येथील. कारखान्यात पंचावन्न वर्षे काम केलेला कालगानोव्ह नावाचा बहात्तर वर्षांचा वृद्ध आणि त्याच्याबरोबर त्याचा मुलगा व नात. म्हातारा जुन्या रशियन वेशात आहे; मुलगा व नात नव्या शहरी कपड्यांत. ती दोघेही त्याच कारखान्यात नोकरीला. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत देश कसा बदलला, हे समजून घ्यायला इतिहासाचे एक प्रकरण वाचावे लागते. येथे ते एका प्लेटेवर मावले आहे. आपल्या घरातला दिवाणखान्याचा फोटो आठवा : धोतरातले आजोबा, विजारीतले वडील आणि जीन्समधले आपण. फरक आहे का काही?

येथे एक प्रश्न मला विचारलाच पाहिजे. कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने नुसत्या कौतुकावर थांबू नये, असे आम्हाला शिकविले जाते. ही चित्रे खरी आहेत, पण ती पूर्ण खरी आहेत का? १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा पहिला भडका उडाला होता. संप होत होते. १९१२ मध्ये सायबेरियात लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणींतील संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. यातले काही या चित्रांत नाही. झारच्या परवान्यावर फिरणाऱ्या माणसाला ते टिपता आले नसते, आणि कदाचित टिपावेसे वाटलेही नसते. शिवाय ज्या विविधतेचे ते चित्रण करीत होते, तिच्यातील बराच भाग तलवारीने जोडलेला होता. ताश्कंद १८६५ मध्ये आणि समरकंद १८६८ मध्ये रशियाने जिंकून घेतले होते. आपल्या देशातही इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत जातीजमातींचे फोटो आहेत. पण रयत ओळखता यावी, तिच्यावर राज्य करता यावे, ही दृष्टी त्यांत लपत नाही. राज्यकर्त्याच्या डब्यातून जाणारा कॅमेरा राज्यकर्त्याच्याच खिडकीतून पाहतो, हे विसरून चालणार नाही.

तरीही मी प्रोकुदिन-गोर्स्की यांना त्या खंडांच्या पंक्तीत बसविणार नाही. एक तर त्यांचे प्रेक्षक अधिकारी नव्हते, शाळेतील मुले होती. दुसरे म्हणजे तुरुंगाचे गज त्यांनी टाळले नाहीत. आणि तिसरे, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की कालव्यावरच्या रखवालदाराचे नाव आणि त्याच्या नोकरीची वर्षे त्यांनी लिहून ठेवली. अर्थात सर्वांची नावे त्यांनी लिहिली नाहीत. त्या तीन मुलींची नावे आपल्याला कळत नाहीत, याची खंत वाटते.

पुढची हकिकत दुःखाची आहे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. रेल्वेचे डबे सैन्याला हवे होते. चित्रे कोण पाहणार? १९१७ मध्ये झारशाही कोसळली. १९१८ च्या जुलैमध्ये येकातेरिनबुर्ग येथे झार व त्याचे कुटुंब मारले गेले. त्या शहराची दृश्ये प्रोकुदिन-गोर्स्की यांनी काही वर्षांपूर्वीच टिपली होती. त्याच वर्षी त्यांनी देश सोडला. नॉर्वे, इंग्लंड असे फिरत ते अखेर फ्रान्समध्ये स्थिरावले. सुमारे साडेतीन हजार प्लेटांपैकी जवळजवळ निम्म्या त्यांच्या हातून गेल्या. ज्या देशाची ओळख मुलांना करून द्यायची होती, तो देशच राहिला नाही. आणि ज्या शाळांत पडदा लावायचा होता, त्या शाळांची दारे त्यांना कायमची बंद झाली. परदेशातच त्यांचा दुसरा विवाह झाला. पॅरिसमध्ये मुलांबरोबर छायाचित्रणाचा व्यवसाय करून त्यांनी दिवस काढले. २७ सप्टेंबर १९४४ रोजी, पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यानंतर महिन्याभराने, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ते वारले. निळ्या अंगरख्यातला तो बुखाऱ्याचा अमीरही गादी गमावून काबूलमध्ये निर्वासित झाला होता आणि त्याच वर्षी निवर्तला. चित्र काढणारा आणि चित्रात बसलेला, दोघेही परमुलखात!

काचा मात्र टिकल्या. पॅरिसमधील एका इमारतीच्या तळघरात त्या ठेवलेल्या होत्या. १९४८ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने वारसांकडून तो संग्रह विकत घेतला : १९०२ प्लेटा आणि प्रवासाच्या क्रमाने लहान लहान चित्रे चिकटविलेले अल्बम. त्या अल्बमांत ज्यांच्या प्लेटा हरवल्या अशी आणखी ७१० चित्रे आहेत. तीन चित्रे जुळवून एक रंगीत चित्र छापणे जिकिरीचे असल्याने कित्येक वर्षे हा खजिना बहुतांशी मिटलेलाच राहिला. पुढे संगणक आला. २००१ मध्ये त्या ग्रंथालयाने निवडक १२२ चित्रे जुळवून त्यांचे प्रदर्शन मांडले आणि २००४ मध्ये सर्व प्लेटांचे रंग संगणकाने जुळविले गेले. आज ती चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पीटर्सबर्गच्या शाळेतील पडद्यावर जी कधी लागली नाहीत, ती आमच्या तालुक्याच्या कॉलेजातील भिंतीवर लागली. दैवाचा न्याय असाही असतो.

त्या चित्रांचे मोल आता निराळ्याच कारणाने वाढले आहे. त्यांतील अनेक देवळे १९३० नंतरच्या दशकात पाडली गेली. १९०९ मध्ये त्यांनी लेउशिनो येथील जोगिणींच्या मठाचे फोटो घेतले. जवळच्या कुरणातील गवताची कापणी टिपली. १९४० च्या दशकात रिबिन्स्क धरणाचे पाणी चढले आणि तो मठ, ते गाव पाण्याखाली गेले. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, तेव्हा त्या गावची म्हातारी माणसे काठावर येऊन बोट दाखवून सांगतात : इथे आमचा वाडा होता, इथे पार होता. लेउशिनोच्या बाबतीत ते बोट दाखविण्याचे काम आता या काचा करीत आहेत. सुंदर म्हणून घेतलेले चित्र पुढे पुरावा होते आणि हरवलेल्या गावाचा सातबाराही तेच ठरते.

मित्रहो, प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या चरित्रातून मी काय घेतले, ते सांगून हा लेख पुरा करते. आपल्या हातात त्यांच्या कॅमेऱ्याहून शतपटीने चांगले साधन आहे. झारच्या परवान्याचीही आपल्याला गरज नाही. आपल्या तालुक्यात अजून घिसाडी आहेत, कैकाडी आहेत, शेवटचे दोन-तीन बुरूड आहेत, पाट सोडणारी माणसे आहेत, जात्यावर दळलेले आठवणाऱ्या आज्या आहेत. सणाच्या दिवशी नटूनथटून उभ्या राहिलेल्या परंपरेचा फोटो आपण काढतोच. पण सोमवारी सकाळी कामावर उभ्या असलेल्या माणसाचाही काढला पाहिजे. आणि फोटो काढल्यावर लगेच पुढे जाऊ नये. त्या माणसाला त्याचे नाव विचारावे, वय विचारावे, किती वर्षे हे काम केले ते विचारावे आणि ते चित्राखाली लिहून ठेवावे. स्पर्धेत बक्षीस मिळो वा न मिळो. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी ते चित्र पाहील, तेव्हा त्याला केवळ एक फेटा दिसणार नाही. फेट्याखालचा माणूस त्याला नावानिशी भेटेल.